त्रिनिदाद एका दिवसात: खाजगी गाइड घेऊन फिरायचं तर दिवस कसा आखायचा

त्रिनिदादमधल्या एका दिवसाचा बेत आखायला बसलात, तर सकाळपासून सुरुवात करू नका. दुपारच्या चारपासून करा. चारच्या सुमारास करोनीच्या दलदलीतून लाल पक्षी बघायला नेणाऱ्या होड्या सुटतात आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत. देवळं, डांबराचं तळं, समुद्रकिनारा, शहर हे सगळं तासभर पुढेमागे करता येतं. सूर्यास्त करता येत नाही. म्हणून चारची होडी आधी पक्की करायची आणि तिथून मागे मोजत सकाळपर्यंत यायचं. इथे पहिल्यांदा येणारे बहुतेक जण नेमकं उलट करतात. सकाळी आरामात नाश्ता, मग एकेक ठिकाण, आणि साडेतीनला हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकून ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसणं.

पॉइंट लिसासच्या खत आणि मिथेनॉलच्या कारखान्यांत कामासाठी आलेले, टोरांटो किंवा न्यूयॉर्कहून छोटी सुट्टी काढून आलेले, भारताची मॅच बघायला आलेले, असे आपले बरेच लोक इथे येतात आणि त्यांच्या हातात मोकळा दिवस एखादाच असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बेट समजून घ्या

नकाशावर व्हेनेझुएलाच्या काठाला चिकटल्यासारखं दिसणारं हे बेट साधारण ४,८०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही थोडं लहान. त्यामुळे ‘एका दिवसात सगळं होईल’ असं वाटतं. होत नाही. उत्तरेला डोंगररांग आहे आणि तिच्यापलीकडच्या किनाऱ्यावर जायला वळणावळणाचा घाट. मधल्या सपाट पट्ट्यात पूर्वी ऊसच ऊस होता. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, तरी हिंदू वस्ती, देवळं आणि रोटीची दुकानं सगळ्यात दाट आहेत ती याच भागात. दक्षिणेला तेल, वायू आणि डांबर. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन वायव्येच्या कोपऱ्यात आहे आणि सकाळी सगळं बेट त्या कोपऱ्याकडे धावतं, संध्याकाळी तिथून बाहेर पडतं.

यातूनच दिवसाची दिशा ठरते. सकाळी शहरातून दक्षिणेकडे निघालात तर ट्रॅफिक समोरच्या बाजूला तुंबलेलं असतं आणि तुमची बाजू मोकळी. दक्षिणेहून येताना करोनी शहराच्या अलीकडेच लागतं. अंधार पडल्यावर तिथून परतताना पुन्हा तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने चाललेले असता.

खाजगी गाडी आणि गाइडच का? स्वस्तात फिरायला मॅक्सी टॅक्सी आहेत. या रंगीत पट्ट्यांच्या छोट्या बसगाड्या, पट्ट्याचा रंग मार्गाप्रमाणे: शहराच्या आसपास पिवळा, पूर्वेकडे जायला लाल, मध्य आणि दक्षिणेला हिरवा. रोजच्या ये-जा करण्याला त्या उत्तम. पण त्या देवळाच्या दारात किंवा दलदलीच्या धक्क्यावर सोडत नाहीत, आणि संध्याकाळी सातला करोनीच्या अंधाऱ्या वाटेवर गाडीची वाट बघत उभं राहणं मी कुणालाही सुचवणार नाही. इथे गुन्हेगारी हा खरा प्रश्न आहे. अलीकडच्या काळात आणीबाणीही जाहीर झाली होती. घाबरून जायचं कारण नाही, पण कुठे थांबायचं आणि कुठे गाडीची काचही खाली करायची नाही हे स्थानिक माणसालाच कळतं. पैसे त्या माहितीचे आहेत.

निघण्याआधीची कामं

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून येताना त्रिनिदादचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण तिकीट काढण्यापूर्वी सध्याचा नियम एकदा बघाच. खरी अडचण वाटेतली असते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे यायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

दुसरं काम बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही: पिवळ्या तापाची लस. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद हे पिवळ्या तापाचा धोका असलेलं ठिकाण आहे. तिथून भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, तिथे तारीख आधी घ्यावी लागते. आई-बाबांना आणणार असाल आणि त्यांचं वय साठीच्या पुढे असेल, किंवा कुणाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ही लस सरसकट सगळ्यांना देत नाहीत.

आणि बॅग भरताना लष्करी छापाचा टी-शर्ट, टोपी, अर्धी चड्डी असलं काही घेऊ नका. इथे सामान्य नागरिकांनी तसले कपडे घालणं कायद्याने बंद आहे, आणि लहान मुलांच्या कपड्यांत हा छाप हमखास असतो.

हवामानाचं म्हणाल तर जानेवारी ते मे कोरडं, जून ते डिसेंबर पावसाचं. पण इथला पाऊस बहुधा दुपारी येतो, झोडपतो आणि जातो. बेट बरंच दक्षिणेला असल्याने बहुतेक चक्रीवादळं वरच्या अंगाने निघून जातात.

गाइड ठरवताना

हॉटेल, ओळखीचे लोक, कंपनीतले सहकारी, यांच्याकडून दोन-तीन नावं मिळतात. पुढचं सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. बोलणं मोकळंढाकळं असतं, ‘हो हो, होऊन जाईल’ या सुरात. सूर गोडच आहे, पण खालच्या गोष्टी लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिला प्रश्न गाडीच्या नंबराचा. भाड्याने माणसं नेण्याचा परवाना असलेल्या गाडीचा नंबर इंग्रजी ‘एच’ने सुरू होतो, खाजगी गाडीचा ‘पी’ने, आणि स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीचा ‘आर’ने. ‘पी’ नंबरच्या गाडीतून पैसे घेऊन माणसं नेणारे इथे खूप आहेत, स्वस्तही पडतात. पण अपघात झाला तर विम्याचं काय, हा विचार करून मी ‘एच’च घेतो.

दुसरा प्रश्न, दर माणशी आहे की गाडीचा? चौघं असाल तर गाडीचा दर घ्या. मग त्यात काय काय आलं ते विचारा: करोनीच्या होडीचं तिकीट, डांबराच्या तळ्यावरच्या स्थानिक गाइडचे पैसे, जेवण, पाणी, आणि ठरलेल्या तासांपुढे गेलं तर तासाला किती. सगळ्यात जास्त वाद या शेवटच्या गोष्टीवरून होतात, कारण होडीहून परत यायलाच सात वाजतात आणि ‘आठ तासांची’ टूर सकाळी सातला सुरू झालेली असेल तर ती तीनलाच संपते. भाव अमेरिकन डॉलरमध्ये सांगितला की टीटी डॉलरमध्ये (म्हणजे इथल्या, त्रिनिदाद-टोबॅगोच्या डॉलरमध्ये), हेही स्पष्ट करून घ्या. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसातच्या आसपास टीटी डॉलर येतात, आणि दोघांनाही लोक नुसतं ‘डॉलर’च म्हणतात.

तिसरं, होडीचं आरक्षण गाइडने केलंय का, कुठल्या चालकाकडे, आणि धक्क्यावर किती वाजता पोचायचं? ‘करून टाकतो’ हे उत्तर नव्हे. ‘केलं’ हे उत्तर.

आणि शेवटी खाण्याचं. पूर्ण शाकाहारी असाल तर मासा, अंडं, कोंबडीचा रस्सा काहीच चालत नाही हे फोड करून सांगा. इथे शाकाहाराची कल्पना हिंदू घरांमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण बरेच जण फक्त व्रताच्या दिवसांत तो पाळतात.

मी सुचवतो तो मार्ग

साडेसहाला हॉटेलमधून उचल. हॉटेलचा नाश्ता फुकट असला तरी सोडा, कारण सकाळचं खाणं रस्त्यावर करायचं आहे आणि त्याचं नाव डबल्स.

हळद घातलेले दोन मऊ, तळलेले ‘बारा’ (पुरीसारख्या छोट्या रोट्या), त्यावर छोल्यांची पातळ उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी, कैरीचा कुचेला आणि तिखट. विक्रेता एका हाताने कागद पसरतो, दोन बारा अर्धे एकमेकांवर येतील असे टाकतो, चमच्याच्या पाठीने उसळ फासतो, आणि तुम्ही काही बोलायच्या आत विचारतो, ‘पेपर?’, म्हणजे तिखट किती. उत्तर द्या: ‘स्लाइट’, म्हणजे थोडंसं. आपण कोल्हापूरचे आहोत, आपल्याला काय होतंय, हा बाणा पहिल्या डबल्सला दाखवू नका. इथली मिरची आधी मस्त वास देते आणि मग कान बंद करते. पहिलं पचलं तर दुसऱ्याला ‘मीडियम’ म्हणा. कागदाला पीळ मारून पुडी हातात येते. तिथेच गाडीला टेकून, पुढे वाकून खायची, कारण ती गळतेच. कोण किती खातंय हे विक्रेता लिहून ठेवत नाही, तरी शेवटी बरोबर सांगतो. कांदा-लसूण वर्ज्य नसेल तर शाकाहाऱ्यांनी बिनधास्त खावं असा हा पदार्थ आहे. चांगल्या गाड्यांवरचा माल सकाळीच संपतो, हेही लवकर निघायचं एक कारण.

मग सरळ दक्षिणेला, ला ब्रेया गावाच्या पिच लेककडे. दीड ते दोन तास लागतात. गाव जवळ आलं की रस्ताच सांगतो: खालचं डांबर सरकत असल्याने रस्त्याला लाटा आल्यात आणि काही घरं एका अंगाला कललीत.

हे तळं सुमारे १०० एकरांचं, मध्याशी साधारण ७५ मीटर खोल, जगातला सगळ्यात मोठा नैसर्गिक डांबराचा साठा. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅली याने १५९५ मध्ये इथलं डांबर लावून आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. लांबून बघितलं तर निराशा होते. पावसात भिजलेल्या जुन्या पार्किंगच्या जागेसारखं दिसतं, आणि काही जण फोटो काढून तिथूनच परत फिरतात. तसं करू नका. तिथल्या स्थानिक गाइडबरोबर आत चाला. (तुमचा गाइड वेगळा, हा वेगळा, आणि याच्याशिवाय आत जायचं नाही, कारण कुठे पाय रुतेल हे त्यालाच माहीत.) एका जागी थोडा वेळ उभं राहिलं की बुटाचा ठसा हळूहळू खोल होतो. मऊ जागी काठी खुपसून वर ओढली की काळी चमकदार तार निघते, लांबत जाते आणि मधेच तुटते. घड्यांच्या मधल्या खळग्यांत पावसाचं पाणी साठतं, त्याला गंधकाचा वास असतो, आणि गावचे लोक त्वचेला चांगलं म्हणून त्यात डुंबतात. इथल्या मूळ रहिवाशांची कथाही गाइड सांगेलच: चैमा लोकांनी विजयाच्या मेजवानीत पूर्वजांचे आत्मे असलेले गुंजनपक्षी मारून खाल्ले, म्हणून देवाने आख्खं गाव डांबरात गिळलं.

सपाट तळव्याचे जुने बूट घाला. आणि इथे सकाळीच या. अकरानंतर ते काळं पठार खालून भाजायला लागतं.

दहाच्या सुमारास परत उत्तरेला, वॉटरलूकडे. हायवे सोडून आत वळलात की घरांच्या अंगणात बांबूला लावलेले रंगीत झेंडे दिसतील. पूजा झाली की ती झेंडी रोवतात. वॉटरलूला रस्ता समुद्रात संपतो, आणि पुढे पाण्यात थोडं आत, भराव टाकलेल्या वाटेच्या टोकाला, शिवदास साधूंचं देऊळ.

याची गोष्ट माहीत असल्याशिवाय ते नुसतं छोटं अष्टकोनी देऊळ वाटेल. साधू हे गिरमिटिया, म्हणजे करारावर इथे आणलेल्या मजुरांच्या कुटुंबातले. त्यांनी १९४७ मध्ये किनाऱ्यालगत देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती, म्हणून १९५२ मध्ये ते पाडलं आणि साधूंना चौदा दिवस तुरुंगात घातलं. जमीन कंपनीची असेल, पण समुद्र कुणाचाच नाही, असं म्हणून त्यांनी सायकलवरून दगडमाती वाहून पाण्यात भर टाकायला सुरुवात केली आणि आयुष्याची उरलेली वर्षं त्यातच घातली. लाटा भराव खात राहिल्या, ते भरत राहिले. भारतीय मजुरांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, देवळाची नीट पुनर्बांधणी झाली. पहिलं जहाज ‘फातेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून इथे पोचलं होतं. ३० मे ही इथे सार्वजनिक सुट्टी असते. वाटेच्या सुरुवातीला साधूंचा पुतळा आहे आणि शेजारीच समुद्राकाठी दहनभूमी. तिथे अंत्यसंस्कार चालू असतील तर कॅमेरा खाली ठेवा. गाइड सांगेलच असं नाही. वॉटरलूच्याच रस्त्यावर भारतीय-कॅरिबियन संग्रहालय आहे. गिरमिटच्या काळातली भांडी, वाद्यं, कागदपत्रं बघायला मिळतात. वेळ असला तर अर्धा तास द्या, पण उघडं आहे का ते गाइडला आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा.

तिथून अगदी जवळ, कारापिचायमाला, ८५ फुटी हनुमान. फोटो सगळ्यांनी हनुमानाचाच पाहिलेला असतो, पण आपल्या लोकांना चकित करतं ते त्याच्या मागचं देऊळ: ते दत्तात्रेयांचं आहे. मैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, दाक्षिणात्य कारागिरांनी घडवलेलं, दाराशी दोन मोठे हत्ती. नरसोबाची वाडी आणि गाणगापूरची सवय असलेल्यांना इथली रंगसंगती जरा जास्त झगझगीत वाटेल, पण कॅरिबियन समुद्राजवळ दत्ताला नमस्कार करायला मिळतो हेच मला पुरेसं वाटतं. दुपारी गाभारा बंद असतो का ते विचारून वेळ ठरवा. चपला बाहेर काढायच्या आणि दुपारची फरशी चटके देते, म्हणून जाड मोजे जवळ असू द्या. गुडघ्याच्या वर जाणारी चड्डी घालून आत जाऊ नये.

इथे वागण्याबद्दल दोन शब्द. पुजारी, गाइड, दुकानदार यांची नावं तुमच्या ओळखीची असतील, भजनं ऐकू येतील, पण हिंदी बोलणारं जवळजवळ कुणी भेटणार नाही. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलंत तर उत्तर ‘चगवानस’ (इथलंच जवळचं शहर) असं येईल, आणि ते बरोबरच आहे. पाच पिढ्या झाल्यात. ‘तुम्ही अजून आपली संस्कृती किती जपलीत’ हे कौतुकही जरा जपून करा. आपण प्रमाणपत्र द्यायला आलेलो नाही.

जेवण चगवानसला. इथल्या रोटी शॉपमध्ये रोटी म्हणजे आख्खं जेवण: डाळपुरी किंवा फाटक्या सदऱ्यासारखा चुरलेला पराठा, त्याचं नाव ‘बस-अप-शट’, आणि सोबत भाज्या. भोपळा, बटाटा, चणे, पालेभाजी, आणि गोडसर आंब्याची आमटी जरूर मागा. मटण बहुधा बोकडाचं असतं, हाडांसकट. ‘कालालू’ नावाचा हिरवा पदार्थ दिसेल. तो अळूच्याच पानांचा, नारळाच्या दुधातला. आपल्याला लगेच आवडतो, पण त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेलं मांस टाकतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय चमचा घालू नये. जेवणावर तासाभराच्या वर घालवू नका.

पावणेतीनला उठायचं म्हणजे उठायचं.

करोनी

धक्क्यावर सव्वातीन-साडेतीनला पोचा. आधी स्वच्छतागृहात जाऊन या, कारण होडीवर सोय नाही आणि फेरी दोन-अडीच तासांची असते. डासांचं औषध इथेच, घोट्यांपासून मानेपर्यंत. सूर्य बुडाल्यावर डास हजेरी लावतात आणि इथे डेंग्यू आहे. लांब बाह्यांचा शर्ट घाला, दुर्बीण असेल तर घ्याच.

होडी सपाट बुडाची, उघडी, बाकं टाकलेली. खाजगी टूर म्हणजे होडीही खाजगी असं नव्हे, इतर पर्यटक बरोबर असतात. वेगळी होडी हवी तर आधी सांगावं लागतं. पहिला तास खारफुटीच्या बोळांतून जातो. चालक मधेच इंजिन मंद करून डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवतो, आणि बराच वेळ काही दिसत नाही. मग कळतं की फांदीवरचा तो गाठीसारखा आकार म्हणजे वेटोळं घालून झोपलेला बोआ. नशीब असेल तर पिवळट रेशमी मुंगीखाऊही दिसतो, मुठीएवढा गुंडाळलेला. मुलांना हा भाग सगळ्यात आवडतो.

मग बोळ संपतात, मोकळं पाणी लागतं, आणि होडी एका हिरव्या बेटापासून बऱ्याच अंतरावर थांबते. इंजिन बंद. साधारण साडेपाचपासून सुरुवात होते. आधी दोन-तीन, पाण्यालगत खालून येतात, बेटावर उतरतात, आणि त्या हिरव्यात लाल ठिपका उमटतो. मग सात-आठ, मग तीस-चाळीसची रांग, वेगवेगळ्या दिशांनी. उन्हं तिरपी असली की पंख आतून पेटल्यासारखे दिसतात. मधूनच तपकिरी-करडे पक्षी येतात, ती पिल्लं. दलदलीतले खेकडे आणि कोळंब्या खाऊन त्यांच्यातलं रंगद्रव्य अंगात उतरतं आणि पक्षी लाल होत जातो. हे स्कार्लेट आयबिस, त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. चोरून शिकार व्हायची, म्हणून २०१८ मध्ये त्यांना विशेष संरक्षण मिळालं आणि मारणाऱ्याला एक लाख टीटी डॉलर दंड ठरला. अलीकडे फ्लेमिंगोही इथे दिसतात.

‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह चालकाला करू नका. पक्षी बिथरले की दुसरीकडे जाऊन बसतात, आणि मोबाइलच्या फोटोत ते लाल ठिपकेच येणार आहेत, थोडं जवळ गेलात तरी.

हा मार्ग नको असेल तर

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर पिच लेक गाळा. येण्याजाण्यातच चार तास जातात. त्याऐवजी सकाळी उत्तरेला मराकास बेला जा, दुपारपर्यंत परत, जेवून करोनी. मराकासचा घाटरस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने बांधला. त्यांनी चगवारामासचा किनारा नौदलतळासाठी घेतला, त्याच्या बदल्यात. वाटेत थांबायची जागा आहे, तिथे कैरी किंवा अननसाला तिखट-मीठ आणि कोथिंबिरीच्या जातीचा पाला लावून केलेला ‘चाव’ घ्या. किनाऱ्यावरचा प्रसिद्ध पदार्थ ‘बेक अँड शार्क’, म्हणजे तळलेल्या पावात तळलेला शार्क. शार्कची संख्या घटत चाललीय, म्हणून मी दुसरा मासा मागतो, चव चटण्यांचीच असते. पाण्यात शिरण्याआधी बावटे बघा. लाल असेल तिथे पाय घालायचा नाही, इथली ओढ भल्याभल्या पोहणाऱ्यांना आत नेते. रविवार टाळा.

आणि एक विनंती. वरच्या मार्गात देवळं जास्त आली आहेत, पण हे काही फक्त भारतीयांचं बेट नाही. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के होते, उरलेले बहुतेक मिश्र. तेलाच्या पिंपातून घडलेलं स्टीलपॅन हे वाद्य इथल्या आफ्रिकी वस्त्यांनी जगाला दिलं. जानेवारी-फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आधी, वाद्यवृंद रात्री आपापल्या पॅनयार्डात सराव करतात. त्या दिवसांत असाल तर गाइडला करोनीहून थेट पॅनयार्डला सोडायला सांगा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीआधी आलात तर चगवानसचं दिवाळी नगर, म्हणजे दिवाळीनिमित्त भरणारा जत्रेसारखा उत्सव, बघा.

क्रिकेटवेड्यांसाठी शहरातला अर्धा दिवस वेगळा ठेवावा. क्वीन्स पार्क ओव्हलवर मार्च १९७१ मध्ये सुनील गावसकरांनी पहिली कसोटी खेळली, ६५ आणि नाबाद ६७. कर्णधार अजित वाडेकर, शतक दिलीप सरदेसाईंचं, आणि भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत गावसकरांनी इथेच १२४ आणि २२० केल्या. १९७६ मध्ये चारशे तीनचा पाठलागही इथलाच. मैदान क्लबच्या मालकीचं आहे, आत सोडतील का ते गाइडला आधी विचारायला लावा. जवळच सेंट जेम्स भागात बॉम्बे स्ट्रीट आहे. पाटीचा फोटो काढून होतो, बघण्यासारखं बाकी काही नाही. सवाना मैदानाला चक्कर मारताना कडेच्या जुन्या सात हवेल्या गाडीतूनही दिसतात, शहाळं मात्र उतरून प्या.

दिवस संपताना

करोनीहून हॉटेलवर पोचायला साडेसात होतात. उरलेले पैसे गाडीतून उतरण्यापूर्वी, ठरलेल्या चलनात द्या. गाइडने दिवस नीट सांभाळला असेल तर दहा ते पंधरा टक्के बक्षिसी रीतीला धरून आहे, होडीच्या चालकाला वेगळी. रात्री कुठे बाहेर जेवायचं असेल तर याच गाइडला सोडायला आणि आणायला सांगून ठेवा, रस्त्यावर हात दाखवून गाडी पकडू नका. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ८११.

दुसऱ्या दिवशी विमान असेल तर पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे. सकाळी त्या बाजूला जाणं तुलनेने सोपं, दुपारी तीननंतर मात्र तासभर जास्तीचा धरा. पिवळ्या तापाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. मुंबईला ते इमिग्रेशनच्या आधीच मागतात, सामानाचा पट्टा त्यानंतर येतो.